पडदे ओढलेल्या हॉलमधले बुडबुडे

ऐरोलीतल्या आमच्या रो-हाऊसची वरची खोली रिकामी, हातात व्हीआरएसचे पैसे आणि डोक्यात स्पिरुलिना, म्हणजे टबात वाढवून पावडर करून विकतात ते निळं-हिरवं शेवाळ. वाशीतल्या एका मोफत माहिती सत्राला गेलो आणि एक लाख दहा हजारांना बुडालो.

गंमत म्हणजे सत्र घेणाऱ्या माणसाने प्रयोग खराच दाखवला. हॉलचे पडदे ओढलेले. काचेच्या नळीत, पाण्यात एक हिरवी काडी. त्याने दिवा हळूहळू जवळ आणला. मिनिटाला पाच-सहा येणारे बुडबुडे वीसच्या पुढे गेले, मी स्वतः मोजले. "प्रकाश दुप्पट, माल दुप्पट! तयार पावडर आम्हीच उचलणार." तिथेच मोबाइलवरून पैसे पाठवले. चार एलईडी पॅनल, टब आणि कल्चर, म्हणजे वाढवायला दिलेलं स्पिरुलिनाचं हिरवं पाणी, घरी आलं. दिवे चोवीस तास बंद करायचे नाहीत, अशी ताकीद.

चौथ्या दिवशी हिरवं पाणी पिवळट पडलं. फोन केला. "साहेब, प्रकाश कमी पडतोय, अजून दोन पॅनल घ्या." आणि मी घेतले! आठवड्यात वर फेस, तळाला चिकट गाळ, आणि वास असा की हिने जिन्याचं दारच लावून घेतलं.

मुलगी बारावी सायन्सला. म्हणाली, "बाबा, ती काडी हायड्रिला या पाणवनस्पतीची, ते शेवाळ नव्हेच. आणि अंधारात प्रकाश वाढवला की बुडबुडे वाढणारच. दिवा अजून जवळ नेला असता तर आकडा एका जागी अडकला असता." मग कार्बन डायऑक्साइड नाहीतर तापमान कमी पडतं, जे सर्वांत कमी, तेच प्रकाशसंश्लेषणाचा (प्रकाशात अन्न बनवण्याचा) वेग ठरवतं. ब्लॅकमन या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने हे १९०५ सालीच मांडलंय. त्याहीपुढे प्रकाश रेटला की पेशीला तो वापरता येत नाही, प्रकाश पकडणारी यंत्रणाच बिघडते. त्यात माझं कल्चर पातळ. दाट असतं तर वरच्या पेशींची सावली खालच्यांवर पडली असती. इथे सगळ्याच उघड्यावर. नव्या, पातळ कल्चरवर सावलीसाठी हिरवी जाळी धरायची असते. मला जाळीऐवजी सहा पॅनल विकले.

आता त्याचा नंबर बंद. पावतीवर नुसतं 'प्रशिक्षण शुल्क'. पॅनलचा, खरेदीच्या हमीचा उल्लेखच नाही. पोलीस ठाण्यात अर्ज दिला, तर पहिला प्रश्न हाच, "लेखी काय आहे?"

अशा सत्राला गेलात तर आधी पडदे उघडायला सांगा आणि मग बुडबुडे मोजा.