ठासणीच्या बंदुकीचं लॉक बदलताना मी कसा फसलो

ज्यांच्या घरात शेती संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. बंदुकीची कमान, म्हणजे आतली स्प्रिंग, मोडली असेल, घोडा ढिला पडला असेल आणि कुणी 'लॉकच नवीन टाकून देतो' म्हणून मागे लागलं असेल, तर त्याला हो म्हणायच्या आधी हे वाचा.

आमचं गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या वरच्या अंगाला. भात लोंबीला आलं की दिवाळीपर्यंत रात्री शेतातल्या राखणीच्या माळ्यावर काढायच्या. डुकरं एका रात्रीत अख्खी खाचरं लोळवतात, गवा आला तर बांधसुद्धा राहत नाही. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० ला झाला, त्याचं रान आम्हाला जवळच. जनावराला गोळी घालायची नाही, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. आम्ही छर्रा भरतच नाही. नुसती दारू, वर काथ्याचा बोळा, आणि हवेत बार. आवाजाने कळप रानात परततो, तेवढंच हवं असतं.

बंदूक आजोबांची. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपात आमचं घर बसलं, तेव्हा त्यांनी आधी माणसं काढली, मग दाण्याची कणगी, आणि तिसऱ्या दिवशी मातीतून ही बंदूक. दस्त्याला चीर गेली होती, ती तांब्याच्या तारेने आवळलेली आजही तशीच आहे. नळीला आणि लॉकला काही झालं नव्हतं. आजोबांनंतर परवाना वडिलांच्या नावावर आला, वडील गेल्यावर माझ्या.

नव्या लोकांसाठी लॉक म्हणजे काय ते सांगतो. दस्त्याच्या उजव्या अंगाला लाकडात कोरून बसवलेली लोखंडी पट्टी असते. तिच्या बाहेर घोडा आणि आत कमान. घोडा ज्या चकतीवर बसतो तिला दोन खाचा असतात. घोडा मागे ओढला की एक जीभ आधी पहिल्या खाचेत अडकते, हा अर्धा घोडा. आणखी ओढला की दुसऱ्या खाचेत, हा पूर्ण घोडा. चाप दाबला की जीभ दुसऱ्या खाचेतून सुटते, कमान घोड्याला पुढे फेकते, घोडा निपलवरच्या (नळीच्या मागच्या पोकळ चोचीवरच्या) केपवर, म्हणजे ठिणगी देणाऱ्या छोट्या टोपीवर आपटतो आणि ठिणगी नळीत जाते. पहिली खाच खोल असते, तिच्यात जीभ असताना चाप दाबला तरी घोडा सुटता कामा नये. केप चढवलेली बंदूक हातात घेऊन माणूस चालतो तो या एका खाचेच्या भरवशावर. ती खाच जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढी असते.

२०२४ ला आधी लोकसभा आणि मग विधानसभा, दोन्ही निवडणुकांना बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली होती. जमा करताना मी तेलाचा हात फिरवला नाही, ही माझी हयगय. काळ्या दारूची राख ओल ओढते, गरम पाण्याने नळी धुऊन तेल लावलं नाही तर लोखंड खाते. आजोबा प्रत्येक बारानंतर ते करायचे. पुढच्या पावसाळ्यात मी घोडा ओढला आणि आत 'टक' झालं. लॉक उतरवून बघितलं तर इंग्रजी व्ही अक्षरासारखी कमान बरोबर वाकणात तुटलेली. बाकी घोडा, चकती, जीभ, सगळं ठणठणीत होतं.

एका लग्नात हा विषय निघाला आणि पाहुण्यांच्या ओळखीचा एक जण पुढे आला. चाळिशीचा, बोलायला गोड. कोल्हापूरकडं दुकान आहे म्हणाला, प्लास्टिकमध्ये घातलेलं कसलंसं कार्ड लांबूनच दाखवलं. मी परवान्याचा नंबर विचारला नाही. आठ दिवसांनी कराडच्या एसटी स्टँडसमोर भेटलो. त्याने पिशवीतून कपड्यात गुंडाळलेलं लॉक काढलं. काळंभोर, जड, पट्टीवर इंग्रजी अक्षरांत लंडन कोरलेलं.

'दादा, असं लॉक आता मिळत न्हाई. इंग्रजांच्या काळातलं, एका संस्थानिकाच्या वाड्यातनं निघालंय.'

मग मोबाइलवर त्याने अमेरिकेतला व्हिडिओ दाखवला. तिकडं ठासणीच्या रायफली हौसेने बनवतात, लॉक सुटं विकत मिळतं, घरपोच येतं. ते खरंच आहे. तिथल्या कायद्यात काळ्या दारूची ठासणीची बंदूक पुराणवस्तूसारखी धरतात. पण आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच मोडतात, आणि विकणं तर सोडाच, दुरुस्तीलासुद्धा परवाना लागतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. 'नुसत्या लॉकला कसला परवाना, ते काय गोळी मारतंय व्हय?' असं तो म्हणाला आणि मला पटलं.

साडेनऊ हजार सांगून साडेसहावर आला, एका अटीवर: 'ते मोडकं लॉक मला द्या. तुम्हाला तरी काय करायचंय, भंगारच आहे.' मी दिलं. साडेसहा हजारांचं मला आज काही वाटत नाही, पण ते लॉक माझ्या हाताने त्याच्या पिशवीत टाकलं, हे मनातून जात नाही.

बसवायला तो घरी आला. नवी पट्टी जुन्या खाचेत बसेना. वरच्या बाजूला लाकूड कोरलं, खालच्या बाजूला फट राहिली तिच्यात भुसा आणि फेविकॉल कालवून भरला, वर बुटाचं पॉलिश घासलं. तासाभरात काम उरकलं. आई ओसरीवरून बघत होती, ती एवढंच म्हणाली, 'आजोबांचं लॉक लाकडात बसलं की नखसुद्धा जात नव्हतं.' मी तिला गप्प केलं.

पहिल्या आठवड्यातच तीन केपांतली एक फुटायची नाही. बघितलं तर घोडा निपलच्या मधोमध न पडता कडेला पडत होता. घोड्याच्या तोंडाला वाटीसारखा खळगा असतो, तो फुटलेल्या केपचे तुकडे झाकायला. घोडा कडेला पडला की ते तुकडे थेट डोळ्याच्या दिशेने येतात. एकदा माझ्या गालाला लागला. मी फोन केला तर म्हणाला, 'नवीन आहे दादा, चार-दोन बारात बसंल.' तीस-एक बार झाले असतील. घोडा ओढताना अर्ध्यावर आधी 'कट्' असा स्वच्छ आवाज यायचा, तो हळूहळू दबला. हेही मला कळलं होतं. पीक उभं होतं, रात्री तोंडावर होत्या, म्हणून मी तसंच चालवलं.

दिवाळीच्या आधीची रात्र. बंदूक भरलेली, केप चढवलेली, अर्धा घोडा. खरं तर उतरताना केप काढायची असते. मी माळ्यावरून शिडीने उतरत होतो, धाकटा भाऊ खाली बॅटरी धरून उभा. दहिवरानं पायरी ओली होती. टाच सरकली, दस्त्याचं बूड खालच्या पायरीवर आपटलं आणि घोडा सुटला. नळी माझ्या कानाजवळून वर गेली होती. डोळ्यांपुढे पांढरं झालं. जळता बोळा माळ्याच्या पेंढ्यात शिरला आणि पेंढ्याने पेट घेतला. भावाने घोंगडी भिजवून वर फेकली, दोघांनी मिळून विझवलं. माझी भुवई आणि कानाजवळचे केस जळाले, उजव्या कानात आठ दिवस शिटी वाजत होती. नळी एक वीतभर अलीकडे असती तर किंवा नेहमीसारखा भाऊच शिडीवर माझ्या वर असता तर काय झालं असतं, ते मी आईला अजून सांगितलेलं नाही.

त्यानंतर मात्र नीट चौकशी केली आणि सांगलीच्या बाजूला एका परवानाधारक कारागिराकडे परवाना दाखवून, रीतसर नोंद करून बंदूक दिली. सत्तरीच्या पुढचा माणूस. त्याने लॉक उतरवलं, चकती चिमट्यात धरली आणि मला भिंग दिलं. पहिल्या खाचेची कड साबणाच्या वडीसारखी गोल झाली होती. मग बारीक कानस घेऊन चकतीच्या पाठीवर एकदाच फिरवली. चमकणारा कीस खाली कागदावर पडला.

'हे बिडासारखं ओतलेलं आहे,' तो म्हणाला, 'आणि पाणी दिलेलंच नाही, म्हणजे तापवून विझवून कडक केलेलंच नाही.' दुसऱ्या एका जुन्या लॉकची चकती काढून तीच कानस तिच्यावर ठेवली. काचेवरून घसरावी तशी ती घसरली, ओरखडासुद्धा उठला नाही. जुने कारागीर चकती आणि जीभ बंद डब्यात हाडांच्या कोळशात तापवून पाण्यात विझवायचे, त्याने वरचा थर कडक व्हायचा आणि आतलं लोखंड चिवट राहायचं. माझ्या चकतीचा मोडलेला कोपरा त्याने दाखवला, आत टाचणीच्या टोकाएवढी हवेची भोकं होती. काळा रंग जुनेपणाचा नव्हता, तेलात जाळून आणलेला होता. आणि लंडन शब्दातला शेवटचा एन आरशात दिसावा तसा उलटा कोरलेला होता. तो माझ्या घरात तीन महिने होता आणि मी कधी निरखून वाचला नव्हता.

मी विचारलं, नवीन लॉक चांगलं मिळतच नाही का? तो म्हणाला, मिळतं, पण लॉक तयार कपड्यासारखं अंगात घालता येत नाही. घोड्याचं तोंड निपलवर सरळ पडलं पाहिजे, पट्टी लाकडात सगळ्या बाजूंनी गच्च टेकली पाहिजे, आणि आतल्या जिभेचं शेपूट चापाच्या बरोबर वर आलं पाहिजे. यातलं एक जरी चुकलं तर चांगल्या पोलादाचं लॉकही घात करतं. म्हणून शक्य तोवर मूळ लॉकच दुरुस्त करायचं. मग त्याने विचारलं, 'तुमचं जुनं कुठाय?'

मी सांगितलं. तो बराच वेळ बोलला नाही. कमान बदलायला हजार-बाराशे लागले असते, एवढंच म्हणाला. असे लोक नवं विकायला येत नाहीत, जुनं न्यायला येतात. हाताने घडवलेलं जुनं लॉक जुन्या वस्तूंच्या शौकिनांकडे चांगल्या किमतीला जातं, ओतलेली नक्कल त्यांना चारशे-पाचशेत पडते. म्हणजे मी वरचे पैसे देऊन माझी चांगली वस्तू त्याला दिली होती.

त्याने मला घरी करायची एक परीक्षा दाखवली, ती तशीच सांगतो. आधी गज टाकून नळी रिकामी असल्याची खात्री करायची, केप काढायची. घोडा अर्ध्यावर ठेवून चाप चांगला जोरात दाबायचा. मग अंगठ्याने घोडा पाठीमागून पुढे ढकलायचा. मग दस्त्याचं बूड गोणपाटावर दोन-तीनदा आपटायचं. घोडा केसभर जरी हलला तरी ती बंदूक भरायची नाही. रिकाम्या निपलवर घोडा आपटून खेळ करायचा नाही, मधे चामड्याचा तुकडा ठेवायचा. आणि घोडा ओढून ठेवून बंदूक खुंटीला लावायची नाही, कमान मरते.

तक्रारीचं सांगतो, कारण तिथेच बरेच जण गप्प बसतात. माझ्याकडे पावती नव्हती, पैसे रोख दिलेले, त्याचा फोन बंद. वर मी स्वतः बिनपरवाना माणसाकडून शस्त्राचा भाग घेतला होता आणि घरात बसवून घेतला होता. असं फसलेला माणूस पोलिसांकडे जायला घाबरतो, आणि या लोकांचा धंदा त्या भीतीवरच चालतो. मी एका ओळखीच्या वकिलांना बरोबर घेऊन पोलीस ठाण्यात गेलो, जे झालं ते माझ्या चुकीसकट लिहून दिलं, बनावट लॉक जमा केलं. माझ्याही परवान्याची चौकशी सुरू आहे. बंदूक तिथेच आहे. यंदाचं भात आम्ही पत्र्याचे डबे वाजवून आणि फटाके लावून राखलं, निम्मं गेलं.

पाटण-कोयना पट्ट्यात, जावळीत, शिराळ्याकडे चांदोलीच्या कडेला अशा बंदुका अजून घराघरांत आहेत. तोच माणूस किंवा तसाच कुणी तुमच्या दारात येईल. परवान्याचा नंबर विचारा, पावती मागा, आणि मोडकं लॉक कितीही गंजलेलं असलं तरी हातातून सोडू नका.

माझं लॉक कुठे दिसलं तर ओळखायची खूण अशी: पट्टी साधी, नक्षी नाही. घोड्याच्या मानेवर अंगठ्याने झिजून गुळगुळीत झालेला एक खोलगट डाग. पट्टीच्या आतल्या बाजूला, कमान टेकते तिथे, आजोबांनी खिळ्याने कोरलेला देवनागरी 'म' आहे, त्याची आडवी रेघ डावीकडे जास्त लांब गेलेली. कुणाच्या नजरेला पडलं तर विकत घेऊ नका, जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा.