काच जोडायला सोल्डर कोणतं: ६०-४०, ५०-५० की बिनशिशाचं?

बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यातल्या दरबार हॉलच्या रंगीत काचा पाहून घरी काचांच्या कडांना तांब्याची पट्टी लावून काच जोडायला बसलात, की पहिली कटकट सोल्डरची, म्हणजे वितळवून सांधा जोडायच्या धातूची. कुठे ते आरपार गळतं, कुठे चिकटतच नाही. अशा वेळी सोल्डर बदलावं का?

६०-४० म्हणजे ६० भाग कथील आणि ४० भाग शिसं. ते १८३ अंशांना वितळू लागतं आणि १९० च्या आसपास पूर्ण पातळ होतं. मधली लापशीसारखी अवस्था थोडाच वेळ टिकते, म्हणून सांध्यावर गोल, चकचकीत उठाव येतो. ५०-५० पूर्ण पातळ व्हायला साधारण २१५ अंश लागतात. ते रेंगाळत थिजतं, त्यामुळे रुंद फटी भरायला उत्तम, पण वरून जरा खरबरीत दिसतं. कथील महाग, त्यामुळे ६०-४० ला पैसे जास्त पडतात. तरी नवशिक्याने तेच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. काचा नीट घासून बसवल्या, तर भरायला फटी उरतातच किती!

बिनशिशाचं सोल्डर बहुधा २२० अंशांच्या पुढेच वितळतं. जास्त उष्णतेने काच तडकण्याची भीती वाढते आणि चमकही कमी. पण गळ्यातलं पदक किंवा मुलांच्या हाताळण्यातली वस्तू असेल, तर दुसरा विचारच नको. शिशाचं सोल्डर वापरलंत, तर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. फ्लक्सच्या (सोल्डर नीट चिकटावं म्हणून आधी लावायच्या रसायनाच्या) धुरासाठी खिडकी उघडी हवीच.

रेडिओ दुरुस्तीवाल्यांकडचं, पोटात राळ भरलेलं सोल्डर मात्र घेऊ नका. त्याचा चिकट थर काचेवरून निघता निघत नाही. भरीव तार घ्या, फ्लक्स वेगळा लावा.

सोल्डर चिकटत नसेल, तर दोष बहुतेक वेळा पट्टीचा असतो. बडोद्याच्या पावसाळी हवेत तांबं लवकर काळवंडतं. बारीक स्टील वुलने ते घासा आणि पट्टी लावली त्याच दिवशी जोडकाम उरका. खड्डे पडत असतील तर फ्लक्स कमी लावा, तो उकळून बुडबुडे येतात. आरपार गळत असेल तर सोल्डरची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) एका जागी रेंगाळते आहे. सांधा निवू द्या, मगच पुन्हा हात लावा.

आणि २५ वॅटच्या इस्त्रीने टोकदार गुठळ्याच उठत असतील, तर सोल्डरवर नव्हे, ८० ते १०० वॅटच्या, रुंद टोकाच्या इस्त्रीवर खर्च करा. टोक काळं पडलं की नवसागराच्या वडीवर घासा.