ट्रेल शूजचे आठ महिने: टेकडी, गड आणि काकांचं आगर

ऑडिटमुळे महिन्यातले दहा-बारा दिवस मी बाहेरगावी असते. सातारा, कोल्हापूर, नाशिक, मधूनच रत्नागिरी. दिवसभर खुर्चीत बसून व्हाउचर तपासायचे आणि रात्री लॉजवरची थाळी. चाळिशीनंतर हे अंगावर दिसायला लागतं. मागच्या जूनमध्ये ट्रेल रनिंगचे बूट घेतले ते या हिशेबाने, की बॅगेत एकच जोड टाकायचा. टूरवर सकाळी जवळच्या डोंगरावर पळायला तोच, आणि कोकणात गुहागरजवळ माहेरी गेलं की आगरात, म्हणजे नारळ-पोफळीच्या बागेत, कामालाही तोच. आठ महिन्यांत साधारण 430 किलोमीटर झाले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रार आहे. तसेही सात-साडेसात हजारांतले बरेचसे जोड याच घडणीचे दिसतात.

तळाला 5 मिलिमीटरचे दात, वर जाळीचं कापड, वॉटरप्रूफ अस्तर नाही. अस्तराचा जोड मुद्दाम टाळला. आपल्या पावसात पाणी घोट्याकडून आत शिरतंच, आणि अस्तर असलं की ते आतच राहतं. जाळीचा बूट लगेच भिजतो, पण पावलागणिक पाणी बाहेरही टाकतो. रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि पंख्याखाली ठेवायचे, सकाळी पाय घालण्याइतके कोरडे होतात. एकदा घाईत हेअर ड्रायर मारला. त्याचं फळ पुढे येईलच.

मातीच्या वाटेवर बूट उत्तम. पुण्यात घरी असले की वेताळ टेकडी ठरलेली, रविवारी कधी सिंहगड. आतकरवाडीतून वर जाणारी वाट लांबीला फार नाही, पण चढ सहाशे मीटरच्या आसपास आहे. चढताना मी पळत नाही, तरातरा चालते. खरी परीक्षा उतारावर. जुलैच्या चिखलात आणि पुढे हिवाळ्यात सुटलेल्या मुरुमावर, दोन्हीकडे तळ पकडून राहिला. साताऱ्यात अजिंक्यतारा मुक्कामाच्या ठिकाणापासून इतका जवळ, की वर जाऊन, अंघोळ उरकून नऊला शाखेत हजर. नाशिकला पांडवलेणीच्या पायऱ्यांवर मात्र या बुटांचं काही काम नाही, तिथे साधे बूट बरे. डांबरावर तर दात झिजतात आणि चवडे भरून येतात. टूरवर निम्मा वेळ डोंगरापर्यंतच्या रस्त्यावरच जातो, हे विकत घेताना माझ्या लक्षात आलं नव्हतं.

काळ्या मातीत दातांच्या खाचा भरतात आणि प्रत्येक पायाला पावशेर-अर्धा किलो चिखल लागतो. ऑक्टोबर संपला की वेगळाच ताप: कुसळं. गवत वाळलं की ती जाळीतून आत घुसतात, मोजा पार करतात आणि नेमकी उतारावर टोचायला लागतात. लॉजवर बसून चिमट्याने कुसळं काढण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली आहे.

आता कोकण. ओल्या जांभ्या दगडावर हे बूट अजिबात विश्वासाचे नाहीत. दात मातीत रुततात, म्हणून मातीत चालतात. शेवाळलेल्या दगडात रुतणार कशात? ऑगस्टमध्ये घरामागच्या पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवरून, उतरताना मी चार पायऱ्या बसूनच खाली आले. काका पडवीतून बघत होते. "अगो, धावतेस कशाला? मागे कुत्रा लागलाय काय?" त्यानंतर पावसाळाभर पाखाडीवर अनवाणी, तेही कडेचा गडगा (दगडी बांध) धरून.

आगरातल्या कामाला हे बूट घालायचे हा माझा बेत तर पहिल्याच दिवशी मोडला. काकूने पाय बघितले आणि म्हणाली, "हे गाळणं घालून आगरात जाऊ नकोस." बरोबरच होतं तिचं. चिखलपाण्यातून लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती, पायाला कुठे चिरलेलं असलं तर जास्तच. पालापाचोळ्यात आणि गडग्याच्या फटींत फुरसं, म्हणजे विषारी साप, असू शकतं. जाळीतून लाजाळूचे काटेसुद्धा आत येतात, तिथे दात काय अडवणार? बाजारातून साडेतीनशेचे गमबूट आणले. ते आता पडवीतच असतात. एका जोडात दोन्ही कामं ही माझी कल्पना साडेतीनशे रुपयांत निकालात निघाली.

पण त्या कामाने पळण्याचं जे भलं केलं, ते बुटांनी केलं नाही. माडाची आळी उकरणं, घमेल्याने शेणखत टाकणं, पडलेल्या झावळ्या ओढून आणणं, आणि पाऊस ओसरल्यावरची बेणणी, म्हणजे तण काढणं. बेणणीत दोन-दोन तास उकिडवं बसून सरकत जायचं. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात मांड्या थरथरायला लागल्या. सत्तरीची काकू तोवर दोन पोफळी पुढे गेली होती. खोऱ्याने ओढताना कंबरेतून न वाकता गुडघ्यातून बसायचं, हे तिनेच शिकवलं. दिवाळीपर्यंत पाच-सहा फेऱ्या झाल्या, आणि सिंहगड उतरताना उजवा गुडघा जो दुखायचा, तो दुखेनासा झाला. डॉक्टरी दावा नाही हा, माझ्या गुडघ्यापुरतं सांगते. मनगटावरच्या घड्याळाने मात्र खोऱ्याचे दोन तास "चालणे, 600 मीटर" एवढेच नोंदले. माझा शर्ट पिळून निघाला होता, तो त्याला दिसला नाही.

तक्रार तळाची. सहाव्या महिन्यात उजव्या चवड्याजवळ तळ सुटून जिभेसारखा लोंबायला लागला. कंपनीला फोटो पाठवले, उत्तर आलं की ही वापरातली झीज आहे, वॉरंटीत बसत नाही. ड्रायरचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. इथे कबूल करते, पण डावा बूटही त्याच रात्री वाळवला होता आणि तो शाबूत आहे. कोल्हापुरात स्टँडबाहेरच्या मोच्याने ऐंशी रुपयांत दोराने शिवून दिला. ती शिवण आजही पक्की आहे.

पाचपैकी साडेतीन. घेणार असाल तर अर्धा नंबर मोठा घ्या. उतारावर बोटं पुढे आपटतात, माझं एक नख काळं पडून गळलं. पुढचा जोडही जाळीचाच घेईन, दात 4 मिलिमीटरचे, म्हणजे रस्त्यावर जरा बरं.

जुना जोड गेल्या खेपेला माहेरी ठेवून आले. काकूचं आणि माझं माप एकच. ती तो देवळात जाताना घालते. बाहेर काढून ठेवला तरी कुणी उचलत नाही, हा तिचा अभिप्राय.