टेस्टडिस्क आणि फोटोरेक: फुकट, ओबडधोबड, पण कामाची जोडी

एक्स्टर्नल हार्ड डिस्कवरचं फोल्डर शिफ्ट-डिलीटने उडालं, तर पैसे मोजण्याआधी डिलीट झालेल्या फाइल्स परत मिळवणारी टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही प्रोग्रामची जोडी वापरून पाहा. ख्रिस्तोफ ग्रेनिए यांचं हे मुक्तस्रोत काम विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. काही विकतच्या सॉफ्टवेअरसारखं आधी फाइल्स दाखवायच्या आणि सेव्ह करताना कार्ड नंबर मागायचा, ही भानगड यात नाही. रूप मात्र डॉसच्या जमान्यातलं: काळी खिडकी, बाणांची बटणं आणि एंटर.

डिलीट साधंच केलं असेल तर आधी रिसायकल बिन बघा. यूएसबी हार्ड डिस्कचा बिन त्याच डिस्कवर असतो, त्यामुळे ती जोडलेली असतानाच त्यातल्या फाइल्स दिसतात.

बहुतेक लोक थेट फोटोरेक चालवतात आणि तिथेच फसतात. सुरुवात टेस्टडिस्कने करा. एनटीएफएसमध्ये (विंडोजची डिस्कवर फाइल्स मांडायची पद्धत, म्हणजे फाइल सिस्टिम) फाइल डिलीट होते म्हणजे तिच्या नोंदीवर ‘मोकळी’ असा शिक्का बसतो. नाव, तारीख आणि डेटा कुठे आहे याचा पत्ता, नवी नोंद वर लिहिली जाईपर्यंत तसाच राहतो. टेस्टडिस्क ही नोंदच वाचतं.

डाउनलोड केलेली झिप उघडा आणि टेस्टडिस्क ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून सुरू करा. आकारावरून आपली डिस्क ओळखा, पार्टिशन टेबलचा (डिस्कचे भाग कुठे सुरू होतात, कुठे संपतात याची यादी) प्रकार त्याने सुचवलेलाच ठेवा, मग ॲडव्हान्स्ड, आपलं पार्टिशन, अनडिलीट. हव्या त्या फाइलवर कोलन दाबून खूण करा आणि कॅपिटल सी दाबा. स्मॉल सी दाबलंत तर फक्त कर्सरखालची एकच फाइल कॉपी होते. कॉपी नेहमी दुसऱ्या डिस्कवर. त्याच डिस्कवर केलीत तर वाचवायच्या फाइल्सच पुसल्या जातील. आणि ॲनलाइजमध्ये शिरून ‘राइट’ निवडू नका, ते पार्टिशन टेबल बदलतं.

फॅट32 या जुन्या फाइल सिस्टिमवर निकाल कमकुवत. तिथे डिलीट होताना नावाचं पहिलं अक्षर जातं आणि फाइलचे तुकडे जोडणारी साखळीही पुसली जाते. सलग लिहिलेला फोटो येतो, विखुरलेला मोठा व्हिडिओ अर्धवट येतो.

टेस्टडिस्कच्या यादीत फाइल नसेल तरच फोटोरेक. ते फाइल सिस्टिममधल्या नाव-पत्त्याच्या नोंदी वाचत नाही. डिस्क चाळून प्रत्येक प्रकाराच्या ठरावीक सुरुवातीच्या बाइट्स शोधतं (जेपीईजीसाठी एफएफ डी8 एफएफ). म्हणून नावं आणि फोल्डर दोन्ही जातात, हाती हजारो आकडेवाली नावं येतात. फाइल ऑप्टमध्ये एस दाबून सगळे प्रकार बंद करा आणि हवे तेवढेच चालू करा, नाहीतर ब्राउझरची चिल्लर चित्रंही पदरात पडतील. नुसतं डिलीट झालं असेल तर ‘फ्री’ (फक्त मोकळी जागा) निवडा, फाइल सिस्टिमच बिघडली असेल तर ‘होल’ (सगळी जागा). फोटोंना नंतर एक्झिफटूल या प्रोग्रामने फोटोत साठवलेल्या तारखेवरून नावं देता येतात. वर्ड-एक्सेल मात्र एकेक उघडून बघावं लागतं, आणि इथे हे साधन खरंच जीव काढतं.

वेळेचा अंदाज: सेकंदाला 100 एमबी वेग मिळाला तर 1 टीबी वाचायला पावणेतीन तास. जुन्या यूएसबी 2.0 केबलवर आठेक तास धरा. लॅपटॉप चार्जरवर ठेवा, स्लीप बंद करा.

दोन ठिकाणी ही जोडी हात टेकते. एक, एक्स्टर्नल एसएसडी: डिलीट होताच ट्रिम आज्ञा (ही जागा आता मोकळी, असं डिस्कला कळवणारी) गेली असेल तर त्या जागी शून्यंच वाचली जातात, आणि मग महागडं सॉफ्टवेअरही काही करू शकत नाही. काही एसएमआर (डेटाचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिणाऱ्या) हार्ड डिस्कही ट्रिम पाळतात. दोन, डिस्क टकटक आवाज करत असेल किंवा मधेच गायब होत असेल तर स्कॅन लावूच नका, तासन्‌तास वाचण्याने हेड (डेटा वाचणारा भाग) उरलासुरला पृष्ठभाग खरवडतं. आवाज नाही, नुसते बॅड सेक्टर (वाचता न येणारे तुकडे) आहेत, तर आधी लिनक्सवर डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने दुसऱ्या डिस्कवर इमेज (अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत) घ्या आणि फोटोरेक त्या इमेजवर चालवा. आवाज येतोय तर डिस्क काढा आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या दुकानात देण्याआधी एकच विचारा: डिस्क उघडायची वेळ आली तर क्लीनरूम (धूळमुक्त खोली) आहे का?