‘इंजिन जाम आहे, साहेब’: १,६८,५०० रुपयांना पडलेलं वाक्य

वडिलांची जुनी गाडी दुरुस्तीला दिली आणि गॅरेजवाल्याने फसवलं, त्याची ही गोष्ट. आधी आकडे, कारण नातेवाइकांत ते ‘लाख-दीड लाख’ असे फिरतायत. इंजिन उतरवायचा अॅडव्हान्स ६०,०००. बोअर (म्हणजे सिलिंडर आतून घासून घेणं), क्रँक ग्राइंडिंग, पिस्टन-रिंग ४२,५००. दोन्ही बंपर क्रोमला २८,०००. ‘व्हिंटेज नंबर करून देतो’ म्हणून ३८,०००. एकूण १,६८,५०० रुपये. गावाहून गाडी टेम्पोवर टाकून आणली त्याचे ७,५०० वेगळे, पण ते टेम्पोवाल्याने इमानाने कमावले.

गाडी वडिलांची, १९७३ ची प्रीमियर प्रेसिडेंट. जिला पुढे पद्मिनी म्हणू लागले तीच, कुर्ल्यात बनलेली. गोठ्याशेजारच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं उभी होती. अशी गाडी बघून गॅरेजवाले कसे पाघळतात, ‘सोनं आहे साहेब, विकू नका’ वगैरे, ते तुम्हाला माहीत आहे.

इंजिन जाम असल्याचं आमच्या गॅरेजवाल्याने माझ्यासमोर पुलीला पाना लावून दाखवलं. तसूभर हललं नाही. हलेल कसं? गाडी गिअरमध्ये होती आणि चाकांना दगड त्यानेच लावले होते. या गाडीत गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली, पटकन लक्षात येत नाही. कुणी असा पाना लावून दाखवला तर आधी न्यूट्रल करायला सांगा. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, एक-दोन दिवस मुरू द्या, मग हाताने फिरवून बघा. आमचं इंजिन जाम नव्हतंच.

आता तो दिवस, ज्याची आठवण झाली की अजून कानशिलं तापतात. बोअर होऊन इंजिन परत बसलंय, बघायला या, म्हणाला. बॉनेट उघडलं. मॅनिफोल्डच्या (इंजिनला जोडलेल्या नळ्यांच्या) बेचक्यात कुंभारमाशीचं मातीचं घर, शेडमध्ये पाहिलं होतं तसंच, भोकांसकट. हेडच्या (इंजिनच्या वरच्या झाकणाच्या) नटांवर तोच तांबूस गंज, पान्याचा एक ओरखडा नाही. म्हणजे इंजिन उतरलं, लेथवर चढलं, परत बसलं, आणि मातीचं घर शाबूत! मी बोट दाखवलंसुद्धा. ‘हां, ते राहिलंच,’ म्हणत त्याने फडक्याने ते पुसलं आणि लगेच चावी फिरवली. पेट्रोल सलाइनच्या बाटलीतून, बॅटरी दुसऱ्याच गाडीची. पण इंजिन सुरू झालं. वडिलांच्या गाडीचा आवाज इतक्या वर्षांनी ऐकल्यावर नट कोण तपासत बसतो? तुम्ही बसला असता? आमचे मेहुणे ‘मी असतो तर’ म्हणून मोकळे झाले. त्यांनी एनए प्लॉटमध्ये किती घालवले ते इथे लिहीत नाही. बाकीचे पैसे मी तिथल्या तिथे दिले.

नंतर दुसऱ्या मिस्त्रीने हेड खोललं. आत जुनीच पिस्टन, काजळी धरलेली. बदललेला प्रत्येक पार्ट हातात मागून घ्या, ब्रेकचं रबर का असेना. बंपरांपैकी पुढचा आला, चंदेरी स्प्रे मारून. नखाने रंग निघतो. मागचा ‘प्लेटिंगवाल्याकडे’ आहे तो आहेच. गाडी देण्याआधी बंपर, कार्बोरेटर, इंजिन नंबर, सगळ्याचे फोटो काढून ठेवा.

व्हिंटेजचं तर पूर्ण थोतांड. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरच्या गाडीची तशी नोंदणी होते, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. पण अशी गाडी रोज फिरवता येत नाही; रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर. हा मला ‘रोज ऑफिसला न्या’ सांगत होता. पावती दिली, तिच्यावरचा अर्ज क्रमांक परिवहनच्या साइटवर सापडतच नाही.

पोलीस ठाण्यात काय ऐकलं? ‘गाडी तुम्ही दिली, पैसे तुम्ही दिले, मग फसवणूक कसली? हे दिवाणी आहे, कोर्टात जा.’ भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८(४) दखलपात्र आहे, असं छापून नेलेला कागद साहेबांनी वाचलाही नाही, त्यावर चहाचा कप ठेवला. हातात पडली एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद. ६०,००० यूपीआयने गेले होते, तेही त्याच्या भावजयीच्या नंबरवर (माझ्या तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं, पण छोट्या गॅरेजांत हे सर्रास चालतं), म्हणून १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. ते म्हणाले, समोरासमोर व्यवहार झालाय, स्थानिक ठाण्यात जा. त्या व्हिंटेजच्या पावतीचं विचारायला आरटीओत गेलो तर ‘एजंटांपासून सावध राहा’ या बोर्डाखालीच एजंटाची खुर्ची, आणि आतला बाबू म्हणतो, त्यांचा आमचा संबंध नाही. मग तो तुमच्या शिपायाच्या हातचा चहा कसा पितो? एकाच्याही तोंडून ‘लेखी द्या’ निघालं नाही. लेखी घेतलं तर उत्तर द्यावं लागतं ना!

पक्कं बिल न देणाऱ्याला अॅडव्हान्स देऊ नका. माझ्याकडे वहीच्या कागदावरचे हिशेब आहेत, तेच जोडून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. तारखा पडतायत.

गॅरेजवाल्याने आता बोर्ड बदललाय, जागा तीच. आणि जुन्या बाजारात प्रेसिडेंटचा मागचा बंपर दिसला तर उलटा करून बघा. डाव्या टोकाला आतून वेल्डिंगचं ठिगळ असेल तर तो आमचा आहे. कुणी विकत घेतला असेल तर त्याचे पैसे मी देतो, फक्त विकणारा कोण ते सांगा.