अंगणातील शेगडीसाठी २०२ की ३०४?

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातील एका स्नेह्यांना थंडीसाठी अंगणात लाकूड जाळायची स्टेनलेस स्टीलची शेगडी करून घ्यायची आहे, आणि पत्रा या स्टीलच्या २०२ प्रतीचा घ्यावा की ३०४, असा त्यांच्यापुढे प्रश्न आहे.

दोन्हींचे संरक्षण पृष्ठभागावरील क्रोमियम ऑक्साइडच्या अतिशय पातळ थराने होते, आणि हा थर ओरखडा पडला तरी हवेतील ऑक्सिजनमुळे पुन्हा तयार होतो. क्रोमियम दोन्हींत साधारण १७ ते २० टक्के असते. मात्र ३०४ मध्ये निकेल किमान ८ टक्के, तर २०२ मध्ये ४ ते ६ टक्के असून उरलेली कसर मँगनीजने भरलेली असते. म्हणूनच २०२ स्वस्त पडते, पण ओल्या राखेतील क्षारांपुढे त्यावर खड्डे लवकर पडतात. लोहचुंबकाने ही पारख होत नाही, कारण दोन्हींना तो सहसा चिकटत नाही. बिलावर प्रत लिहून घेणेच बरे.

उष्णतेचा मुद्दा अधिक नाजूक आहे. सुमारे ४२५ ते ८५० अंश सेल्सिअसमध्ये पत्रा बराच वेळ राहिला, तर क्रोमियम कार्बनशी संयोग पावून धातूतील सूक्ष्म कणांच्या सीमांवर अडकते आणि तेथूनच गंज शिरतो. यातून ३०४ सुद्धा सुटत नाही. म्हणून वेल्डिंगच्या जोडकामासाठी कमी कार्बनची ३०४ एल अधिक योग्य.

राख रोज काढणाऱ्या आणि पावसाळ्यात शेगडी आत ठेवणाऱ्या घराला २०२ चालेल. बारमाही उघड्यावर राहणार असेल, तर ३०४ घ्यावे. समुद्रापासून दूर असलेल्या ग्वाल्हेरात खारी हवा अधिक सोसणाऱ्या महागड्या ३१६ प्रतीची गरज नाही.