ब्रेक किंचाळतात: पॅड साफ करावेत की बदलावेत?

पावसाळ्यात फोंड्याला आमच्या अंगणात रात्रभर भिजलेली गाडी सकाळी काढली की पहिले दोन-तीन ब्रेक कर्र करतात, मग आवाज जातो. तो डिस्कवरचा, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकतीवरचा, वरवरचा गंज, त्यावर खर्च नको. पण दुपारीही हलका ब्रेक दाबल्यावर चीं आवाज येत राहिला, तर चाक काढून पॅड, म्हणजे डिस्कवर दाबून गाडी थांबवणारे तुकडे, बघायचेच.

साफसफाई स्वस्तात होते. ब्रेक क्लीनरने धूळ धुवायची, पॅडवर चकाकी आली असेल तर पॉलिश पेपरने हलकं घासायचं, कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिनांना आणि पॅडच्या पाठीला ब्रेकचंच ग्रीस लावायचं. साधं ग्रीस उष्णतेने वितळतं, आणि घासणाऱ्या बाजूला लागलं तर पॅड गेलाच. माझ्या गाडीत खालची पिन गंजून अडकली होती. त्यामुळे बाहेरचा पॅड ८ मिमी उरला होता, आतला जेमतेम ४. चाकाच्या फटीतून डोकावून हे कळलंच नसतं.

नवीन पॅड महाग पडतात, पण घासणारा थर ३ मिमीच्या खाली गेला की साफसफाईत वेळ घालवू नये. बऱ्याच पॅडना पत्र्याची छोटी जीभ असते; ती डिस्कला टेकून ओरडते ती याचसाठी. बदलायचे ते डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे, एकदमच. घर्रघर्र ऐकू आली तर लोखंडाला लोखंड लागलंय, गाडी जागेवरच ठेवा.

मला चोर्ला घाटातून बेळगावला जायचं होतं, मागच्या सीटवर मुलं. पिन सोडवून घेतली आणि पॅडही बदलले. नुसतं फोंडा-पणजी असतं तर ग्रीस लावून महिन्याभराने पुन्हा चाक काढून बघितलं असतं.